तांबडा-पांढरा अंदाज

ज्या रविवारी आमच्या तालमीने फुटबॉलचा अंतिम सामना जिंकला, त्याच संध्याकाळी पुण्याच्या एका यंत्राने आमच्या पेठेतली जवळजवळ सगळी तरुण पोरं आजारी ठरवली. यंत्राचं काही चुकलेलं नाही, असं पुण्याचं म्हणणं. पोरांचंही काही चुकलेलं नाही, असं आमचं म्हणणं. मधल्यामध्ये माझा फोन मात्र तापून गेला, कारण या भानगडीचा कोल्हापुरातला जबाबदार माणूस मी होतो.

माझं नाव इंद्रजित साळोखे, पेठेत इंद्या. दगडी चौक तालमीचा गोलकीपर आणि 'मनकट्टा' संस्थेचा प्रचारक. शाळा, कॉलेजं, तालमी, जिथे पोरं जमतात तिथे जायचं आणि मूडच्या आजारांबद्दल बोलायचं, हे माझं काम. या कामाला लागणारी पात्रता माझ्याकडे जरा जास्तच आहे. मला स्वतःलाच बायपोलर आहे.

एकोणिसाव्या वर्षी मला झोपेची गरजच वाटेनाशी झाली. पेठेतल्या सगळ्या भिंतींवर मी चुन्याने गोलपोस्ट काढले, कारण कोल्हापूरची टीम विश्वचषकात न्यायची होती आणि सरावाला जागा कमी पडत होती. लोक कौतुकाने म्हणाले, "साळोख्यांचं पोरगं पेटलंय!" पुढे मी अंथरुणाला पाठ लावली ती उचलेचना. भिंतीकडे तोंड करून नुसता पडून असायचो. तेव्हा तेच लोक म्हणाले, "निवांत पडलाय, पडू दे." म्हणजे चढताना कौतुक आणि उतरताना सवलत. त्यात आजार आहे हे कुणाच्या ध्यानात येणार? आईच्या आलं, म्हणून मी डॉक्टरांपर्यंत पोचलो. आता गोळी घेतो, गोल अडवतो, आणि इतरांच्या आयांच्या ध्यानात लवकर यावं म्हणून गावभर बडबडत फिरतो.

आता यंत्राबद्दल. त्याचं नाव 'अंदाज', आमच्या संस्थेने पेठेतल्या पोरापोरींना चाचणीसाठी वाटलेलं. पोस्टाच्या तिकिटाएवढी पातळ पट्टी, मनगटाच्या आतल्या बाजूला चिकटवायची. ती मनातलं काही वाचत नाही. हे मला दर कार्यक्रमात सगळ्यात आधी सांगावं लागतं, कारण पहिला प्रश्न तोच येतो आणि विचारणारा पोरगा नेमका एखाद्या पोरीकडे चोरून बघत असतो. आपल्या शरीरात एक घड्याळ चालू असतं. रात्री ठरावीक वेळी अंग थोडं गार पडतं, पहाटे पुन्हा ऊब चढते, नाडी त्याच तालात चालते. मूडचा आजार उसळायच्या काही दिवस आधी हे घड्याळ हळूहळू सरकायला लागतं. माणसाला स्वतःला तेव्हा काहीच जाणवत नसतं. उलट तो म्हणतो, मला काय धाड भरलीये?

पट्टी हे सरकणं टिपते. जोडीला बोलणं ऐकते: वेग किती, दोन वाक्यांमध्ये फट किती, शब्द कसले. मग पुढच्या आठवड्याचा अंदाज फोनवर रंगात दाखवते. हिरवा म्हणजे ठीक. केशरी म्हणजे तेजीकडे कल, फिकट म्हणजे उदासीकडे. आमच्या पोरांनी पहिल्याच दिवशी रंगांचं बारसं केलं, तांबडा आणि पांढरा. कोल्हापुरात रश्श्याचे दोन प्रकार असताना तिसरं काही सुचणं शक्यच नव्हतं. रंग कुणाला दिसायचा ते पट्टी लावणारा ठरवतो. माझा आईला आणि डॉक्टरांना दिसायचा.

तर त्या रविवारी अख्खी तालीम तांबडी झाली.

सोमवारी पुण्याहून पट्टीची भाषा सांभाळणारी इंजिनिअर आली. शर्वरी भोंडवे. पाठीला सॅक, चेहऱ्यावर परीक्षा घ्यायला आल्याचा भाव. तालमीचे वस्ताद बंडामामा तेव्हा कुस्तीच्या हौद्याजवळ खुर्ची टाकून बसले होते. शर्वरीने त्यांच्यासमोर एका पोराचं वाक्य त्याच्याच परवानगीने वाजवून दाखवलं.

"'आपली टीम जगात भारी हाय.' हे हा मुलगा दिवसभरात अनेकदा म्हणालाय. त्याला खरंच तसं वाटतं?"

"शंका हाय काय?" मामा म्हणाले.

"म्हणजे, जगात?"

"जगात म्हंजे जगात."

"आणि हे दुसरं. 'आज आपल्याला कोण अडवतंय बघतो.'"

"मग अडवलं काय कुणी? चार मारलं की!"

माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तेजीचं एक ठळक लक्षण म्हणजे स्वतःबद्दल अवाढव्य काहीतरी वाटायला लागणं. पट्टीला पुण्याकडच्या बोलण्यावर शिकवलेलं. तिकडे माणूस अगदी हरखून गेला की "बरं झालं" म्हणतो.

"पुण्यात कुणी 'मी जगात भारी' म्हणालं तर घरचे खरंच काळजीत पडतील," शर्वरी म्हणाली.

"इथे त्याचा अर्थ 'नमस्कार' होतो," मी म्हणालो.

मुलींच्या टीमची कथा आणखी निराळी. त्यांच्या पट्ट्या मधूनच बंद पडायच्या आणि फोनवर सूचना यायची, 'वापरणारी व्यक्ती बदलली आहे.' आमचं हे बोलणं चाललेलं असतानाच त्यांची कॅप्टन निशिगंधा तणतणत आत आली. "इंद्यादा, मी कवाधरनं सांगायलोय, माझी पट्टी चालंना झालीय!"

शर्वरीने झटकन मान वर केली. "ही 'सांगायलोय' म्हणाली?"

"सगळ्याच म्हणतात. माझी आई रोज सकाळी 'मी बँकेत जातो' म्हणून जाते आणि संध्याकाळी 'आलो' म्हणून येते."

शर्वरी जमिनीवरच बसली आणि हसत सुटली. परीक्षकाचा भाव गेला तो गेलाच. त्या क्षणी माझं काय झालं ते मी नंतर सांगतो, खरं तर ते तुम्हाला कळलेलंच आहे.

मग ती महिनाभर राहिली. आम्ही दोघं कोल्हापूरचं बोलणं गोळा करत हिंडलो: मिसळीच्या दुकानात, मैदानावर, कॉलेजच्या कट्ट्यावर. हसण्यासारखं पुष्कळ होतं, पण हसण्यासारखी नसलेली एक गोष्ट तिनेच पकडली. 'कसं काय?' विचारलं की आमच्याकडे प्रत्येक जण 'निवांत' म्हणतो. यंत्र ते ऐकून खूष व्हायचं आणि पुढे जायचं. शर्वरीने दोन 'निवांत' लागोपाठ वाजवले. एक, प्रश्न संपायच्या आत आलेला. दुसरा थोडा थांबून, तळातून ओढून काढल्यासारखा.

"जगात भारीने नुसता गोंधळ झाला," ती म्हणाली. "खरं नुकसान इथे झालंय. हा दुसरा कुणी ऐकलाच नाही."

त्या आठवड्यात आम्ही तालमीत पालकांची बैठक घेतली. सगळे आले, कारण मामांनी नंतर वडा-पाव आहे असं जाहीर केलं होतं. एक मावशी हात वर न करताच उभी राहिली. "पोरगं हसायलंय, नाचायलंय, तरी तुमी म्हणतायसा आजार. मग काय रडलं म्हंजे बरं?"

"मावशी, हसण्यात आजार नाही," मी म्हणालो. "आपण गणपतीला जागतो, दुसऱ्या दिवशी मेल्यागत झोपतो. ते चांगलं. माणूस जागतो, पुन्हा जागतो, आणि झोप मागतच नाही, तेव्हा काळजी करायची. आणि 'कसं हायस' विचारून भाजी आणायला जाऊ नका. उत्तराला थांबा."

टाळ्या पडल्या. मागे उभी असलेली शर्वरी माझ्याकडे बघून हसली. एवढं शहाणपण सांगणारा माणूस स्वतः किती झोपत होता, हे तिने विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

ती मला आवडली होती. सरळच सांगतो, फार आवडली होती. माझा रंग तिला कामामुळे सहज बघता आला असता, पण पहिल्याच दिवशी तिने तो आपल्यापासून बंद करून घेतला होता. "सोबत काम करायचं तर मला तुझं तोंड बघून कळलं पाहिजे," ती म्हणाली होती. आजारानंतर माझं तोंड बघून माझ्याशी बोलणारं फारसं कुणी उरलं नव्हतं. आईसुद्धा पूर्वी मी घरात आलो की माझ्याकडे बघायची, आता आधी फोनकडे बघते.

"इंद्या, तांबडा दाखवायलंय," एका सकाळी आई म्हणाली.

"आई, अख्खी पेठ तांबडी आहे. यंत्राला आपलं बोलणं कळत नाही."

"पेठंचं मला सांगू नको. पहाटे जिन्यात शिट्टी कोण वाजवत होतं?"

"मला आनंद झालाय गं!"

"हुंदे की. झोपून हुंदे."

माझा तोल गेला. "म्हणजे मला कधी नुसता आनंद व्हायचाच नाही? लोक प्रेमात पडले की पेढे वाटतात, मी पडलो की तू डॉक्टरांना फोन करणार?"

आईने डबा भरला, पर्स घेतली आणि 'जातो' न म्हणताच बँकेत गेली. मला फार वाईट वाटलं, आणि पाच मिनिटांत मी ते विसरून पुन्हा शिट्टी वाजवायला लागलो. तेव्हाच खरं तर समजायला हवं होतं.

शुक्रवारी शर्वरीने कोल्हापुरी शिकलेली नवी पट्टी चालू केली. तालमीत पोरं फोन हातात धरून उभी होती. एकेक रंग बदलायला लागला आणि एकच गलका उठला. निशिगंधाने "मी हिरवा झालो!" म्हणून उडी मारली आणि या वेळी तिची पट्टी बंद पडली नाही. ज्यांचा रंग पांढरा निघाला त्या दोघा पोरांना मामांनी गडबड न करता बाजूला घेतलं आणि तिथेच त्यांच्याशी बोलत बसले. हे आम्ही महिनाभर शिकवलं होतं आणि मामा ते चोख करत होते.

मी माझा फोन बघितला. तांबडा. थोडा वेळ थांबून पुन्हा बघितला. आता बोलण्याची चूक त्यात उरलीच नव्हती, उरलं होतं ते माझं घड्याळ, आणि ते चांगलंच सरकलं होतं.

"तांबडं कुणी उरलं नाही ना?" शर्वरीने विचारलं.

"कुणी नाही," मी म्हणालो आणि फोन खिशात घातला.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, मी तिला रंकाळ्यावर लग्नाचं विचारणार होतो. रविवारी ती पुण्याला परत जाणार होती. तयारी झालेली होती, म्हणजे मीच पहाटे उठून केली होती. आणि आता मला कळेना की हे सगळं मला वाटतंय की माझ्या आजाराला.

मी तिथून थेट डॉ. निंबाळकरांकडे गेलो. बाई माझ्यावर सहा वर्षं उपचार करतायत, माझ्या थापा त्यांना तोंडपाठ आहेत.

"बाई, हे प्रेम आहे की आजार?"

"दोन्ही असू शकतं," त्या म्हणाल्या. "आजारी माणसाने प्रेमात पडू नये असा काही नियम आहे का? पण त्यात तुझं किती आणि तेजीचं किती, हे आज मला सांगता येणार नाही. तुझ्या पट्टीलाही नाही. ती घड्याळ बघते, कशासाठी जागतोस ते तिला ठाऊक नाही. गोळी वाढवू या, झोप परत आणू या. मग काय उरतं ते बघू."

"आणि काहीच उरलं नाही तर?"

"तर तेही कळेल," बाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात माया होती, पण उत्तर तेच राहिलं.

शनिवारी संध्याकाळी मी रंकाळ्यावर गेलो, पण विचारायचं नाही असं ठरवून. शर्वरी कठड्यावर बसून भेळ खात होती. मी तोंड उघडणार तोच मागे हलगी कडाडली. मी विचारणं रद्द केलं होतं, तयारी रद्द करायची राहून गेली होती. चौघं फेटे बांधून उभे होते. त्यांच्यामागे मुलींची टीम आणि एक हार. वर तालमीचा ड्रोन आकाशात दिव्यांनी 'श' काढून पुढच्या अक्षराची जुळवाजुळव करत होता.

शर्वरीने भेळेचा कागद खाली ठेवला. "हे काय आहे?"

"हे तांबडं आहे," मी म्हणालो आणि फोन काढून तिच्यासमोर धरला. "काल सगळ्यांचं तांबडं गेलं, माझं सोडून. तुला खोटं सांगितलं. आज मी तुला लग्नाचं विचारणार होतो. आता विचारत नाही. तू उत्तर देऊ नकोस. तू हो म्हणालीस तर मला कळायचं नाही की विचारलं कुणी. आणि नाही म्हणालीस तर मी आज इतका जोरात आहे की मला ते ऐकूच येणार नाही."

तिने फोन हातात घेतला. "मी म्हणाले होते, तोंड बघून ओळखीन," ती हळू म्हणाली. "नाही ओळखता आलं. मला वाटलं, तू असाच आहेस."

या वाक्याने मला जेवढी भीती वाटली तेवढी तांबड्या रंगाने वाटली नव्हती. तिला जो आवडत असेल, तो दोन आठवड्यांत गोळीने विरघळून जाणार होता.

"आता काय करायचं असतं?" तिने विचारलं.

"घरी जायचं, गोळी घ्यायची, झोपायचं."

"चल, सोडते."

"भावा," हलगीवाल्यांतला म्होरक्या अवघडून म्हणाला, "वाजवायचं का न्हाई?"

"वाजवा, आलाच आहात तर," शर्वरी म्हणाली. त्यांनी आम्हाला रिक्षापर्यंत वाजवत पोचवलं. घरी आईने दार उघडलं, आधी माझ्या तोंडाकडे बघितलं, मग शर्वरीकडे, आणि दोघांना भात वाढला. मी आईला म्हणालो, "तुझं बरोबर होतं." ती म्हणाली, "मला बरोबर असायचं नव्हतं रे. मला पेढेच वाटायचे होते."

रविवारी शर्वरी गेली.

पुढचे दिवस बेचव गेले. गोळी वाढली, झोप आली, शिट्टी थांबली. मामांनी गोलमध्ये दुसरा पोरगा उभा केला आणि मला म्हणाले, "तू झोप रं. गोल आमी बघतो." शाळांमध्ये मी ही सगळी हकीकत हलगीसकट सांगायला लागलो. पोरं पोट धरून हसायची आणि नंतर एखादा मागे रेंगाळून हळूच काहीतरी सांगायचा. ते हसणं मला फार उपयोगी पडलं. पण रोज सकाळी उठलो की मी आधी मनात डोकावून बघायचो: आहे का अजून? कधी आहे वाटायचं, कधी नुसता चहा हवासा वाटायचा. शर्वरीचे फोन यायचे, मी कामापुरतं बोलायचो. पट्टी हिरवी झाली तेव्हा मला आनंद झाला नाही, धाकधूक झाली.

मग एका बुधवारी गडहिंग्लजच्या एका कॉलेजात कार्यक्रम होता, आणि नवी पट्टी तिकडच्या बोलीवर तपासायला शर्वरी आली. कार्यक्रम ठीक झाला. ना फार रंगला, ना पडला. पोरं गेल्यावर आम्ही दोघं सभागृहातल्या घडीच्या खुर्च्या भिंतीशी लावत होतो. उकडत होतं. तिच्या गालाला धूळ लागली होती आणि ती एका न मिटणाऱ्या खुर्चीला शिव्या देत होती. मी बघितलं आणि मला कळलं, की आहे. हलगी नाही, आकाशात अक्षरं नाहीत, पण आहे.

"शर्वरी," मी म्हणालो, "पट्टी हिरवी आहे. रात्री व्यवस्थित झोपलो होतो. डोक्यात काही वाजत नाहीये, थोडी भूक लागलीये. अशा अवस्थेत विचारतोय. लग्न करशील माझ्याशी?"

ती त्या न मिटणाऱ्या खुर्चीवरच बसली. "त्या दिवशी रंकाळ्यावर विचारलं असतंस ना, तर मी हो म्हणाले असते."

"आणि आता?"

"तेव्हा मी त्याला हो म्हटलं असतं आणि घरी तू आला असतास. फसवणूकच की."

माझ्या हातातली खुर्ची हातातच राहिली. "म्हणजे नाही?"

"म्हणजे हो. मला तू जास्त आवडतोस. तो फार बोलायचा."

मी हसलो, पण सगळं सांगून टाकायचं म्हणून म्हणालो, "तो येणार हं अधूनमधून. गोळी घेतली तरी."

"येऊ दे. आता ओळखते मी त्याला."

"आणखी एक आहे. त्याला तू अजून बघितलेलं नाहीस. तो भिंतीकडे तोंड करून पडून राहतो. कुणी कितीही विचारलं तरी बोलत नाही."

ती हसायची थांबली. गालावरची धूळ तिने हाताच्या पाठीने पुसली आणि ती आणखीच पसरली.

"मग मीही बोलणार नाही," ती म्हणाली. "नुसती शेजारी बसेन."